खाडा आणि खटला

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं आपण म्हणतो. अमेरिकेतल्या टेक्सास राज्याने मात्र मुलांना शहाणं करण्यासाठीच ती पायरी चढायला लावली. 2015च्या सप्टेंबरपर्यंत तिथे शाळा बुडवणं हा चक्क फौजदारी गुन्हा होता. सहा महिन्यांत दहा खाडे झाले की शाळेने दहा शालेय दिवसांच्या आत कोर्टात तक्रार करायची, ही सक्ती. चार आठवड्यांत तीनच खाडे झाले तरी तक्रारीची मुभा. खाडा अख्ख्या दिवसाचा असण्याचीही गरज नव्हती, दिवसाचा तुकडा पुरे. दंड पाचशे डॉलरपर्यंत. गुन्ह्याची प्रत ‘क’, म्हणजे पंगतीला डावीकडे भरधाव गाडी हाकणारा आणि उजवीकडे दारू पिऊन रस्त्यात झिंगणारा. या प्रतीच्या गुन्ह्याला सरकारी खर्चाने वकील मिळत नाही. तेव्हा बीजगणित न आलेल्या पोराने थेट मोठ्यांच्या कोर्टात उभं राहून कायद्याचा पेपर सोडवायचा. 2013 या एका वर्षात असे सुमारे 1,15,000 खटले चालले. बाकी सगळ्या राज्यांची बेरीज केली तरी ती याच्या निम्म्यावर येत नव्हती. शैक्षणिक क्रांती म्हणावी तर ती हीच!

या व्यवस्थेची खरी गंमत मुदतीत आहे. तक्रार दाखल करायला दहा दिवसांची मुदत होती. मूल का येत नाही हे शोधायला कसलीच मुदत नव्हती. आधी काही उपाय करून पाहिल्याचं निवेदन तक्रारीला जोडावं, अशी अट 2011मध्ये आली खरी. पण सरकारी कागदाचा स्वभाव जगभर सारखाच असतो. निवेदन जोडलं की उपाय झाले, उपाय झाले की तक्रार झाली, आणि तक्रार झाली की शाळा मोकळी. दहावा खाडा पडेपर्यंत शाळेपुढे एक मूल असतं, त्यानंतर ते प्रकरण होतं, आणि प्रकरण पुढे ढकलता येतं. त्यात टेक्सासचं शाळा-अनुदान सरासरी दैनिक हजेरीवर ठरतं. न आलेलं मूल म्हणजे बुडालेलं उत्पन्न. वर पालकावर खटला होऊन दंड वसूल झालाच, तर त्याचा अर्धा हिस्सा शाळेच्या खर्चखात्यात जमा करायची तरतूद कायद्यातच आहे. मूल आलं तर अनुदान, नाही आलं तर दंडातला वाटा. वाण्याच्या दुकानातही एवढी चोख वही सापडायची नाही.

मुलं शाळा का बुडवतात, याचं उत्तर याच कायद्याच्या दुरुस्तीने नकळत देऊन टाकलं. 2015मध्ये गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांनी सही केलेल्या कायद्याने मुलांवरचा फौजदारी गुन्हा काढला, प्रकरणं दिवाणी केली, जुन्या शिक्षांची नोंद पुसायला सांगितलं आणि एक यादी दिली. खाडे गरोदरपणामुळे असतील, मूल सरकारी संगोपनात असेल, बेघर असेल किंवा घरातलं मुख्य कमावतं माणूस तेच असेल, तर शाळेने कोर्टात जाऊ नये. शेवटची अट सावकाश वाचावी. घर ज्याच्या पगारावर चालतं ते पोर शाळेत का दिसत नाही, हे उमजायला जगातल्या सर्वांत श्रीमंत देशातल्या विधिमंडळाला 2015 साल उजाडावं लागलं. त्याआधी, 2012मध्ये, दोन नोकऱ्या करून भावंडांना हातभार लावणाऱ्या अकरावीतल्या एका हुशार मुलीला खाड्यांपायी शंभर डॉलर दंड आणि एका रात्रीचा तुरुंग मिळाला होता. बोभाटा झाल्यावर न्यायाधीशांनी तो आदेश मागे घेतला. आणखी एक बारकावा पाहा. कोर्टाच्या तारखेसाठी बुडालेली शाळा टेक्सासमध्ये माफ असते. घरभाडं भरण्यासाठी बुडालेली शाळा माफ नसते.

आता आक्षेप येणारच. पहिला असा, की धाक नसेल तर पोरं आणि पालक दोघंही सोकावतील, शिवाय सक्तीच्या कायद्यानेच मुलं गिरण्यांतून शाळेत आली. दुसरा भाग खोटा नाही. मॅसॅच्युसेट्सने 1852मध्ये अमेरिकेतला असा पहिला कायदा केला, 1918पर्यंत मिसिसिपीसह सगळी राज्यं त्यात आली, आणि बालमजुरी हटवण्यात त्या कायद्यांचा हात होता. पण तो बडगा मुलाच्या श्रमावर जगणाऱ्या मोठ्यांसाठी होता. टेक्सासने तो फिरवून मुलाच्याच पाठीत घातला. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आपली असली, तरी अंमलबजावणी तिकडे झाली.

मग पालकांनाच धरावं, हा दुसरा आक्षेप. तोही प्रयोग झालेला आहे. पेनसिल्वेनियात 2014मध्ये सात मुलांची एक आई थकलेल्या दंडापोटी दोन दिवसांचा तुरुंग भोगायला गेली. दंडाची आणि कोर्टखर्चाची रक्कम सुमारे दोन हजार डॉलर, त्यातला मोठा भाग मुलांच्या खाड्यांचा. ती कोठडीतच मेली. त्या दोन दिवसांत तिचं एकही मूल नियमित शाळेत जाऊ लागलं असेल, असं कोणाला वाटत असेल तर त्याने हात वर करावा. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्याकडून दंड मागायचा आणि तो देत नाही म्हणून त्याला कोंडायचं, ही शिक्षणाची सक्ती नसून गरिबीची वसुली आहे.

तिसरा आक्षेप खास आपल्या घरचा. शाहू महाराजांनीही दंड लावला होताच की! हो, लावला होता. 1917मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं, आणि मुलाला न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला गेला. पण त्याच हुकमात शिक्षण मोफत होतं, गावोगाव शाळा काढायच्या होत्या आणि त्यासाठी दरबार तिजोरीचं तोंड उघडत होता. राज्याने आपला वाटा आधी उचलला आणि मग रयतेकडे बोट दाखवलं. टेक्सासने बोट आधी दाखवलं आणि वाट्याचा विषय पुढच्या तारखेवर ढकलला. आपल्या 2009च्या शिक्षणहक्क कायद्यानेही मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलंय, पण त्यासाठी शिक्षा ठेवलेली नाही. हे कलम बोथट आहे, त्याला दात बसवा, अशी हाकाटी अधूनमधून होते. उसाच्या फडावर आईबापांबरोबर गेलेल्या पोराच्या नावाने समन्स काढून ते बजावायला कुठल्या कारखान्याच्या टोळीत जायचं, हे दात बसवणाऱ्यांनी आधी सांगावं.

कोर्ट अजिबात नको, असं कोणी म्हणत नाही. पोराला डांबून राबवणारा मालक असेल, मारहाण होत असेल, तर खुशाल खटला भरा. पण तो शेवटचा उपाय राहू द्या, आणि त्याची मुदत खाड्यांच्या आकड्याने ठरवू नका. खटल्याच्या प्रत्येक अर्जावर एकच रकाना वाढवावा: या मुलाच्या घरी शाळेतून कोण गेलं होतं आणि घरच्यांनी काय सांगितलं? तो रकाना कोरा असेल तर अर्ज फेटाळावा आणि गैरहजेरी शाळेच्या नावावर मांडावी.