उन्हाळी यादी, हिवाळी सुट्टी

अमेरिकेतली विद्यापीठं डिसेंबरच्या मध्याला मिटतात आणि जानेवारीच्या मध्याला उघडतात. पंचांग शेजारी ठेवून पाहिलं तर हा काळ जवळजवळ नेमका धनुर्मास निघतो. सूर्य धनू राशीत शिरतो तेव्हा शेवटचा पेपर असतो, आणि संक्रांतीचा तिळगूळ वाटून होईपर्यंत नव्या सत्राचं वेळापत्रक लागतं. आपल्याकडे या महिन्यात शुभकार्य टाळायची रीत. तिकडे याच महिन्यात परदेशी विद्यार्थ्याला कळवतात, की वसतिगृह बंद होतंय, खानावळ बंद होतेय, ग्रंथालय अर्धाच वेळ उघडं आहे, तेव्हा सुट्टीचा मनसोक्त आनंद लुटा. २०२३-२४ या वर्षात अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांहून जास्त भारतीय विद्यार्थी होते. त्यांतल्या मराठी पोरापोरींनी हा आनंद कुठे जाऊन लुटायचा, याची यादी घरून केव्हाच आलेली असते: नायगारा, यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन आणि थर्टीफर्स्टला न्यूयॉर्क. ठिकाणांत काही खोट नाही. यादी उन्हाळ्यातली आहे, एवढीच अडचण आहे.

ही यादी तयार कशी होते ते पाहण्यासारखं आहे. मराठी घरांत अमेरिका येते ती आईवडिलांच्या आणि काका-मावश्यांच्या फेऱ्यांमधून, आणि ही मंडळी तिकडे जातात ती बहुतेक मे-जूनमध्ये. मुलगीच बजावते, की थंडीत येऊ नका, बाबांचे गुडघे धरतील. नातवंडांच्या शाळांना सुट्टी असते. इकडचा उकाडा चुकतो, आणि आंब्याचा मोसम हुकल्याची हळहळ पुढे वर्षभर बोलायला पुरते. त्यामुळे भिशीत, सोसायटीच्या कट्ट्यावर आणि फॅमिली ग्रुपवर दिसणारी अमेरिका कायम हिरवीगार, रात्री साडेआठपर्यंत उजेडात न्हालेली आणि निळ्या प्लॅस्टिकच्या रेनकोटात हसणारी असते. विद्यार्थ्याच्या वाट्याला आलेला देश नावाने तोच, पण शिकागोत डिसेंबरअखेरीस सूर्य साडेचारच्या आतच मावळतो. काकांनी एका दिवसात 'केलेली' सहा ठिकाणं पंधरा तासांच्या उजेडातली होती. पुतण्याला नऊ तास मिळतात, आणि त्यातला एक तास आतला थर, बाहेरचा थर, जाकीट, कानटोपी, मोजे हे चढवण्यात आणि मग बाथरूमला जायचं राहिलं म्हणून सगळं उतरवण्यात जातो.

नायगाऱ्याचंच घ्या. काकांच्या फोटोतली 'मेड ऑफ द मिस्ट' ही बोट नोव्हेंबरात बंद होते, ती वसंत ऋतूत सुटते. पुतण्या काठावर उभा राहून ती कुठून सुटली असती ते पाहतो. धबधब्याच्या अगदी पायथ्याशी नेणारे 'केव्ह ऑफ द विंड्स'चे लाकडी मार्ग दरवर्षी हिवाळ्याआधी उखडून ठेवतात आणि उन्हाळ्यासाठी पुन्हा बांधतात. एवढ्यावर भागलं असतं, पण पाणीसुद्धा कमी असतं. अमेरिका आणि कॅनडाच्या १९५० च्या करारानुसार पर्यटनाच्या मोसमात दिवसा सेकंदाला किमान १ लाख घनफूट पाणी धबधब्यावरून सोडायचं असतं. थंडीत ५० हजार सोडलं तरी चालतं, उरलेलं वीज तयार करायला वळवतात. धबधब्यालाही ऑफ-सीझन असतो आणि तो दोन देशांनी सह्या करून ठरवलेला असतो! शिवाय समोरून दिसणारं देखणं रूप कॅनडाच्या काठावरून दिसतं आणि भारतीय पासपोर्टला तिकडे जायला कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो. यलोस्टोनमध्ये तर याहून कमाल. आतले बहुतेक रस्ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला साध्या गाड्यांना बंद होतात, ते थेट वसंतात उघडतात. गाडीने जाता येतं ते फक्त उत्तरेकडच्या गार्डिनर ते कुक सिटी या रस्त्याने. हे ठाऊक नसलेली चार मुलं भाड्याची गाडी घेऊन पश्चिम दरवाज्याशी पोहोचली, तर त्यांना 'बंद' अशी पाटी पाहायला मिळेल. पाटीपाशी फोटो छान येतो.

न्यूयॉर्कच्या थर्टीफर्स्टबद्दल थोडं सविस्तर बोललं पाहिजे, कारण यादीत जराही बंद नसलेलं ते एकच आहे आणि म्हणूनच सर्वांत फसवं आहे. टाइम्स स्क्वेअरला १९०७ पासून वर्षअखेरीला एक प्रकाशमान गोळा खांबावरून खाली उतरवतात. तो पाहायला लोक दुपारपासून कठड्यांच्या आत उभे राहतात. मोठी बॅग चालत नाही, छत्री चालत नाही, आत शौचालय नाही, आणि बाहेर पडलात तर जागा गेली. नऊ-दहा तासांच्या या उपक्रमात अनुभवी मंडळी जाकिटाच्या आत काय बांधून येतात, ते सभ्य मासिकात लिहिता येत नाही. २०१७ च्या रात्री तिथलं तापमान उणे १२ अंश सेल्सिअसच्या आसपास होतं. लालबागच्या राजाच्या रांगेत रात्र काढलेल्या मराठी माणसाला हे किरकोळ वाटेल. पण ती रांग पुढे सरकते आणि शेवटी दर्शन होतं. इथे माणूस दुपारी जिथे उभा असतो तिथेच मध्यरात्री असतो, आणि गोळा साठ सेकंदांत उतरून मोकळा होतो. वर्गातले अमेरिकन मित्र या वेळी आपापल्या घरी कोचावर लोळत हाच गोळा टीव्हीवर पाहत असतात. या बाबतीत स्थानिकांचं अनुकरण करायला हरकत नाही.

तेव्हा माझं म्हणणं इतकंच आहे: हिवाळ्याने जे बंद केलं ते पाहायला जाऊ नये, हिवाळ्यामुळे जे उघडतं ते पाहायला जावं. आणि अशा गोष्टी थोड्याथोडक्या नाहीत. फ्लोरिडात ऑरलँडोच्या उत्तरेला ब्लू स्प्रिंग नावाचं उद्यान आहे. तिथल्या झऱ्याचं पाणी बारा महिने २२ अंशांच्या आसपास असतं. शेजारची सेंट जॉन्स नदी गारठली, की मॅनटी ही धिप्पाड, मिशाळ समुद्रगाय ऊब शोधत शेकड्यांनी या झऱ्यात येऊन पडते. जितकी थंडी जास्त, तितक्या मॅनटी जास्त. काका जूनमध्ये गेले असते तर त्यांना नुसतं स्वच्छ पाणी दिसलं असतं. डेथ व्हॅलीचंही तसंच. १० जुलै १९१३ रोजी तिथे ५६.७ अंश सेल्सिअसची नोंद झाली, ती जगातली अधिकृत उच्चांकी मानली जाते. उन्हाळ्यात तिथे गाडीतून उतरायचं म्हणजे सौभाग्याचा प्रश्न, पण डिसेंबर-जानेवारीत दुपारी १८-१९ अंश असतात. म्हणजे पुण्याच्या डिसेंबरातली सकाळ, ज्यात आपण स्वेटर घालायचा की नुसता खांद्यावर टाकायचा यावर वाद घालतो. लास व्हेगासहून दोनेक तासांत तिथे पोहोचता येतं, आणि समुद्रसपाटीपेक्षा ८६ मीटर खाली मिठावर उभं राहून घरी फोन करता येतो, की मी खूप खाली आलोय, काळजी नसावी.

घरच्या यादीतली ठिकाणंसुद्धा बेत बदलला तर थंडीत सार्थकी लागतात. ग्रँड कॅन्यनच्या उत्तर कड्याचा रस्ता हिवाळ्यात बंद असतो, पण दक्षिण कडा वर्षभर उघडा असतो. तिथला हर्मिट रोड हा सर्वांत सुंदर रस्ता उन्हाळ्यात फक्त शटल बससाठी राखीव असतो आणि खासगी गाड्यांना सोडतात तो नेमका डिसेंबर ते फेब्रुवारीत. यलोस्टोनच्या त्या एका उघड्या रस्त्यावर लामार खोरं लागतं. १९९५ मध्ये तिथे लांडगे पुन्हा आणून सोडले. पांढऱ्या बर्फावर काळा लांडगा मैलभरावरूनही कळतो, हिरव्या गवतात तो कुणाच्या काकांना दिसलेला नाही. कुणी म्हणेल, नायगाराही बर्फात अप्रतिम दिसतो. दिसतोच. तुषार गोठून झाडं, कठडे, दिव्याचे खांब काचेचे होतात. मग ते पाहायला जा, बोटीची वाट पाहायला नको. खाली कधी कधी बर्फाचा पूल तयार होतो. एके काळी लोक त्यावरून चालत, पण १९१२ मध्ये तो फुटून तिघे दगावल्यापासून त्याला मनाई आहे. त्यामुळे हाही देखावा वरूनच पाहायचा.

'बर्फात गाडी कोण चालवणार?' हा आक्षेप मात्र बिनतोड आहे, आणि त्याचं खरं उत्तर 'तुम्ही नाही' हेच आहे. वाहतूक पोलिसाच्या नजरेत न येता सिग्नल ओलांडण्याची कला इथे उपयोगी पडत नाही. डांबरावर साचलेला पारदर्शक बर्फ दिसत नाही, ब्रेक दाबल्यावरच तो असल्याचं कळतं. वर पंचविशीच्या आतल्या चालकाला भाड्याच्या गाडीवर बहुतेक ठिकाणी रोजचा जादा आकार पडतो. म्हणून गाडी दक्षिणेत चालवावी आणि उत्तरेत रेल्वेने जावं. शिकागोहून निघणारी ॲमट्रॅकची 'कॅलिफोर्निया झेफर' ही गाडी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एमरीव्हिलला पोहोचायला वेळापत्रकानुसार दोन दिवसांहून अधिक घेते. वेळापत्रक हा तिथे आदर्श असतो, आणि मालगाड्यांपुढे थांबायची तिला सवय आहे. पण दुसऱ्या दिवशी ती रॉकी पर्वतात शिरते ती दिवसाउजेडी, काचेच्या मोठ्या खिडक्यांच्या डब्यातून बर्फाळ दऱ्या दिसतात, आणि बघ्याला यात फक्त बसून राहायचं असतं. तिसऱ्या दिवशी डॉनर खिंड येते. १८४६-४७ च्या हिवाळ्यात या परिसरात अडकलेल्या वसाहतवाल्यांपैकी काहींनी मेलेल्या सोबत्यांना खाऊन दिवस काढले. १९५२ च्या जानेवारीत 'सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को' ही गाडी दोनशेहून अधिक माणसांसह इथल्याच बर्फात तीन दिवस अडकली. त्या वेळी कुणावर तशी वेळ आली नाही. तरी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी भरपूर घ्यावी आणि सहप्रवाशांना आग्रहाने वाढावी.

आता सर्वांत मोठा आक्षेप, जो आईच्या आवाजात येतो: एवढं वणवण करण्यापेक्षा घरीच का येत नाहीस? कारण असेल तर जरूर जावं. आजी आजारी आहे, बहिणीचं लग्न आहे, यापुढे युक्तिवाद नाही. धनुर्मासात लग्न कसं, असं विचारू नये. सुट्टीवर आलेल्यांसाठी काढीव मुहूर्त निघतात, तिथे शास्त्रही विद्यापीठाचं कॅलेंडर पाहतं. पण घरी जाणं हा प्रवास नव्हे, ती मालवाहतूक आहे. डिसेंबरात तिकीट वर्षातलं महागातलं असतं. जाताना बॅगेत चुलतभावंडांची चॉकलेटं, व्हिटॅमिनच्या बाटल्या आणि शेजाऱ्यांचे बूट. येताना भाजणी, मेतकूट आणि आंबेमोहोर. यातला तांदूळ अमेरिकेच्या विमानतळावरच राहतो, कारण खपरा नावाच्या किडीमुळे प्रवाशांना भारतातून तो नेता येत नाही. बाकीचं खाणंपिणं जाहीर करावं लागतं, न केल्यास दंड १० हजार डॉलरपर्यंत जाऊ शकतो. मेतकुटाला हा भाव पुण्यातही नाही. मधल्या तीन आठवड्यांत पहिला झोप सुधारण्यात जातो, दुसरा 'बारीक झालास' ऐकण्यात आणि तिसरा ते दुरुस्त करण्यात. पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपली असेल तर त्यात वकिलातीची मुलाखत येते, आणि तारीख मिळाली नाही तर सुट्टी लांबते, शिक्षण आखूड होतं.

पैशाचा आक्षेपही खरा आहे, पण त्याचं उत्तर विद्यार्थ्याच्या खिशात नाही, कॅलेंडरात आहे. अमेरिकेत सगळं महाग असतं ते नाताळ ते एक जानेवारी या आठवड्यात. दोन तारखेला नोकरदार कामाला लागतात, शाळा भरतात, हॉटेलांचे दर उतरतात. विद्यापीठं मात्र बऱ्याच ठिकाणी जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारच्या मार्टिन ल्यूथर किंग दिनाच्या आगेमागे सुरू होतात. हे दोनेक आठवडे सगळ्या देशात मोकळा असतो तो फक्त विद्यार्थी, आणि नेमके तेच दिवस तो खोलीत मॅगी खात काढतो. नाताळचा आठवडा विद्यापीठात काम करून कमवावा. एफ-१ व्हिसावर सत्रात आठवड्याला २० तासांची मर्यादा असते, सुट्टीत आवारातलं काम पूर्णवेळ करता येतं. मग दोन जानेवारीला निघावं.

निघण्यापूर्वी खोलीसंबंधीच्या सूचना वाचाव्यात, कारण त्या घरच्या संस्काराविरुद्ध असतात. हीटर बंद करू नये, ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली जाऊ देऊ नये. कडाका पडणार असेल तर नळ बारीक सुरू ठेवावा, नाही तर पाइप गोठून फुटतात. जिथे ठिबकता नळ म्हणजे घराण्याची बेअब्रू, त्या मराठवाड्यातल्या मुलाला हे जड जाईल, पण फुटलेल्या पाइपचं बिल त्याहून जड असतं. फ्रिजमधली उसळ संपवूनच दाराला कुलूप लावावं. आणि देशाबाहेर पाऊल टाकायचं असेल, मग ते पुण्याला असो की पलीकडे कॅनडात, तर विद्यापीठाने दिलेल्या आय-ट्वेंटी या कागदाच्या दुसऱ्या पानावर प्रवासाची सही वर्षभरातली आहे ना, ते डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच पाहा. सही देणारे अधिकारीही सुट्टीवर जातात, आणि त्यांची यादी बहुतेक आधीच ठरलेली असते.