गृहस्थाने पंप कसा निवडावा

घरात चार फुटी फिश टँक आणण्याचा ठराव बहुमताने मंजूर झाला असेल, तर पहिल्यांदा माशांचा विचार मनातून काढून टाकावा. मासे ही या खरेदीतली सगळ्यात शेवटची बाब आहे. दुकानात गेल्यावर बाकीची मंडळी ऑस्करच्या काचेला नाक लावून उभी राहतील, त्याचे बारसेही उरकतील. कर्त्याने तेवढ्यात मागच्या मांडणीकडे सरकावे, जिथे धूळ खात पंपांची खोकी पडलेली असतात.

पण त्याआधी वजन. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकीत काठोकाठ 450 लिटर पाणी मावते. म्हणजे 450 किलो, आणि 12 मिलिमीटरची काच, रेती, दगड, स्टँड धरून 600 च्या पुढे. राहत्या खोलीच्या स्लॅबचा हिशेब करताना दर चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरतात. टाकी आपल्या पायाखाली त्याच्या चौपट टाकते. म्हणून ती हॉलच्या मधोमध मांडण्याचा इंटिरिअरवाल्याचा सल्ला आदराने ऐकून घ्यावा आणि टाकी भिंतीलगत, खाली बीम असेल तिथे ठेवावी. वास्तुवाले वेगळी दिशा सांगतील. बीमचे ऐकावे. शंका उरलीच तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला गाठावे, सोसायटीच्या सेक्रेटरीला नव्हे. तो आधी ठराव मागेल.

आता पंप. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘ताशी 3000 लिटर’ असे छापलेले असते. हा आकडा स्थळाच्या माहितीपत्रकातल्या पगारासारखा असतो: खोटा नसतो, पण हातात येतो तो वेगळाच. पाणी अजिबात वर चढवायचे नसेल, तेव्हाचा तो आकडा. त्याच खोक्यावर मुंगीच्या अक्षरांत ‘एच मॅक्स 2 मीटर’ लिहिलेले असते. नवख्याला वाटते, पंप दोन मीटर उंच 3000 लिटर पाणी फेकतो. प्रत्यक्षात दोन मीटरवर पाणी नळीत येऊन नुसते उभे राहते. पंप गुणगुणतो, वीज खातो, हजेरी पूर्ण भरते, आणि टाकीत थेंब पडत नाही.

टाकीतले सगळे पाणी तासाला चार-पाच वेळा फिल्टरमधून फिरावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणजे तुम्हाला ताशी सव्वादोन हजार लिटर हवेत, आणि तेही प्रत्यक्ष. फिल्टरची वेगळी टाकी, म्हणजे संप, खालच्या कपाटात असली तर पाणी सव्वा-दीड मीटर चढवावे लागते. तेव्हा विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा: ‘दीड मीटरला किती?’ उत्तर ‘साहेब, सगळे हाच नेतात’ असे आले, तर तो पंप सगळ्यांसाठी सोडून द्यावा. वॅटही पाहावेत, 40 वॅटचा पंप दिवसरात्र चालून महिन्याला 29 युनिट जाळतो. हीटर मुंबईकराने घेऊ नये. नाशिककराने डिसेंबरची आठवण ठेवून घ्यावा.

फिल्टरबद्दल थोडक्यात: त्यातला स्पंज कचरा अडवतो, पण खरे काम सिरॅमिकच्या कड्यांवर वस्तीला येणारे जिवाणू करतात. माशांच्या विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचे ते आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ही वस्ती जमायला चार-सहा आठवडे लागतात. तोवर दिवा लावून नुसते पाणी बघत बसायचे असते. पाहुण्यांना ‘मासे कुठे आहेत?’ हे विचारण्याची मुभा द्यावी. मात्र दिवाळीच्या साफसफाईत कुणी त्या कड्या नळाखाली धरून चकचकीत केल्या, तर क्लोरीनने अख्खी वसाहत जाते. कड्या टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलक्या हाताने खळबळाव्यात. घरात स्वच्छतेचे वेड असलेल्या माणसाला हे समजावण्यासाठी वेगळा वेळ राखून ठेवावा.

खरी परीक्षा मात्र वीज गेल्यावर होते. चालू असताना सगळेच पंप चांगले असतात. पुण्यात ज्यांच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. एअर पंप टाकीच्या पातळीखाली ठेवला असेल, तर तो थांबताच पाणी नळीतून उलटे उतरते आणि थेट पंपात, तिथून एक्स्टेंशन बोर्डात जाते. म्हणून पंप पाण्याच्या वर ठेवावा, नाहीतर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा. साऱ्या खरेदीत इतकी स्वस्त वस्तू दुसरी नाही. संपवाल्यांची तऱ्हा आणखी न्यारी. पंप बंद पडला की वरचे पाणी खाली येते, आणि संप आधीच गळ्यापर्यंत भरलेला असेल तर ते फरशीवर येते. परतीच्या नळीला पाण्याच्या पातळीजवळ बारीक भोक पाडले, की तिथून हवा शिरते आणि उलटा ओघ तुटतो. मासे आणण्यापूर्वी भर दुपारी मुद्दाम मेन स्विच पाडून संपाकडे पाहत राहावे. पाणी काठाखाली थांबले, तरच पुढचे पैसे मोजावेत.

मे महिन्यासाठी बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ असू द्यावा. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि वीज नेमकी तेव्हाच जाते.

यादीत शेवटी एक साधन दुकानात मिळत नाही: खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाशी सलोखा. फराळाचे ताट खाली पाठवण्याचा रिवाज टाकी भरण्याच्या किमान एक दिवाळी आधी सुरू करावा. ताटात चकली असावी. नुसत्या शंकरपाळ्यांवर 450 लिटर माफ होत नाहीत.