हुलोबाची वारी

बंगालीत बोक्याला 'हुलो' म्हणतात. त्याला आम्ही आपला मराठी 'बा' जोडला आणि लेक मार्केटच्या मासळीबाजारातून पिशवीच्या वासावर मागे मागे आलेला एक कानफाटा बोका, हुलोबा या नावाने आमच्या घरात स्थायिक झाला. घर भवानीपुरात, हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासापासून पाच मिनिटांवर, पण तिसऱ्या मजल्यावर. अडचण तिथेच होती. माझी आजी निरुपयोगी माणसाला 'मांजराचा गू, ना सारवायला ना लिंपायला' म्हणायची. पण तिला अंगण होतं, अंगणात चुलीच्या राखेचा ढीग होता. मांजर जायचं, उकरायचं, झाकायचं, विषय संपला.

राखेचा हा कारभार अमेरिकेतही होता. १९४७ साली मिशिगनमधल्या एडवर्ड लो नावाच्या गृहस्थाने शेजारणीला मांजरासाठी राखेऐवजी शोषून घेणारी माती दिली आणि त्यातून पुढे मोठा धंदा उभा केला. आपण ज्या वर्षी स्वतंत्र झालो, त्याच वर्षी तिकडची मांजरं राखेतून मुक्त झाली. ती माती आता पिशव्यांतून इकडेही मिळते. दुसऱ्या महिन्यात पिशवीची किंमत वाचून बायको म्हणाली, "एवढ्यात कोळंबी आली असती."

म्हणून मी चार्ल्स मिंगसला शरण गेलो. मिंगस म्हणजे जॅझमधला थोर बेसवादक. त्याने आपल्या नाइटलाइफ नावाच्या मांजराला चक्क कमोडवर बसायला शिकवलं आणि त्या विद्येची पुस्तिका छापून टपालाने विकली. पद्धत अशी: पुठ्ठ्याच्या खोक्यात फाडलेलं वर्तमानपत्र घालायचं. मांजर रुळलं की खोकं रोज थोडंथोडं संडासाकडे सरकवायचं. शेवटी ते कमोडवर दोरीने बांधायचं, तळाला आलुबुखाराएवढं भोक पाडायचं, ते वाढवत न्यायचं, आणि एके दिवशी खोकंच काढून घ्यायचं. तीन-चार आठवड्यांचं काम. मात्र घाई करायची नाही. मांजर गोंधळतं.

पुण्याहून आलेल्या भाजणीचं खोकं होतंच. दिवाणाखालून प्रस्थान झालं. रोज वीतभर वाटचाल. शोकेसपाशी पहिला मुक्काम, तिथून जेवणाच्या टेबलाखाली. हा मुक्काम चार दिवस लांबला आणि त्या चार दिवसांत माझं वजन उतरलं. पुढे पॅसेज अरुंद असल्याने संडासला जाणाऱ्या प्रत्येकाला खोक्यावरून उडी मारावी लागे. रात्री दोनच्या सुमारास हुलोबा फाडलेले बंगाली अग्रलेख उधळत खोक्याभोवती रिंगण धरायचा.

शेजारच्या माशिमा पायेशची वाटी घेऊन आल्या, त्या थेट या रिंगणात. मी माझ्या बंगालीत खुलासा केला. त्यांनी "ओ बाबा!" म्हणून कपाळाला हात लावला. मांजर हे षष्ठीदेवीचं वाहन. मुलाबाळांची राखण करणारी देवी. व्रतकथेतली सून स्वतः चोरून खाते, आळ मांजरावर घेते आणि पुढे आपली पोरं गमावून बसते. देवीच्या वाहनाला कमोडवर बसवणाऱ्याचं काय होतं, ते कथेत नव्हतं, पण माशिमांच्या चेहऱ्यावर होतं.

त्यांची समजूत घालायला मी विज्ञान काढलं. कोलकात्याचं सांडपाणी कालव्यांनी पूर्वेकडच्या भेड्यांत, म्हणजे मासळीच्या तळ्यांत जातं. सुमारे १२,५०० हेक्टरांची ही पाणथळ जागा, २००२ पासून रामसर यादीत आहे. उथळ तळ्यांत ऊन आणि जीवाणू घाण फोडतात, शेवाळ वाढतं, त्यावर रुई-कातला पोसतात आणि बाजारात येतात. म्हणजे हुलोबा ज्या रुईची शेपटी खातो, तिला तो परतफेड करणार! आजीची म्हण खोटी पडणार! मी भरात आलो होतो. माशिमांनी मात्र पुढचे आठ दिवस रुई आणली नाही आणि पायेशची वाटी झाकूनच परत नेली.

माझा फुगा फोडला तो जनावरांच्या डॉक्टरांनी. लस टोचता टोचता ते म्हणाले, "मांजराच्या विष्ठेत टॉक्सोप्लाझ्माची अंडी असू शकतात. ती पाण्यात सोडायची नसते. शिवाय उकरणं, झाकणं हा त्याचा स्वभाव. तो कमोडवर बसून काय झाकणार?" याला उत्तर नव्हतं. पण पालखी वाखरीला पोचलेली असताना माघारी कोण फिरणार? खोकं कमोडवर चढलं होतं, भोक पेरूएवढं झालं होतं, आणि हुलोबा काठावर चार पाय एकत्र आवळून, लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसल्यासारखा का होईना, बसत होता.

एप्रिलच्या एका संध्याकाळी तो असाच बसलेला असताना कालबैसाखी सुटली. मिनिटभरात आभाळ काळं झालं, दिवे गेले आणि वाऱ्याने संडासाचं दार जे काही आपटलं, त्यासरशी आतून आधी 'डुबुक' आणि मग एक दीर्घ तान ऐकू आली. दार उघडेपर्यंत भिजलेला हुलोबा माझ्या खांद्यावरून शोकेसवर पोचला होता. गळ्यात पुठ्ठ्याची कड होती. ते भोक आता त्याच्या मापाचं झालं होतं.

सकाळी तो गॅलरीत सापडला. मोगऱ्याच्या कुंडीत माशिमांनीच दिलेली, पूजेतून उरलेली गंगामाटी होती. हुलोबाने पंजाने खड्डा केला, त्यात नाक घालून पाहिलं, एकदा स्वतःभोवती फिरला, बसला. मग वळून माती ओढली, हुंगली, पसंत पडली नाही म्हणून आणखी थोडी ओढली, आणि आमच्याकडे न बघता उन्हात जाऊन पाय चाटू लागला.

"गंगेत घोडं न्हालं एकदाचं," बायको म्हणाली.

पलीकडच्या गॅलरीतून माशिमा पाहत होत्या. त्यांना 'गंगेत' तेवढं कळलं. मी उरलेल्याचं बंगाली करून सांगितलं, तर त्या कठड्यावरून वाकून, अतिशय धास्तावलेल्या आवाजात म्हणाल्या, "घोडाही आणलाय?"