लेट मार्क रद्द होणेबाबत

प्रति,
मा. मनुष्यबळ व्यवस्थापक साहेब,

विषय : हजेरीपटास रेल्वेचे निकष लागू होणेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे, लोकलने आणि बसने येणारे कर्मचारी सविनय अर्ज करतो की, दारातले बायोमेट्रिक मशीन साडेनऊनंतर एका मिनिटाचीही गय करत नाही. तीन लेट मार्क झाले की एक सीएल जाते. ‘गाडी लेट होती’ हे कारण आपण ऐकून घेत नाही. आपले बरोबरच आहे. कागदावर गाडी लेट नसतेच. आमचाही वक्तशीरपणा तसाच कागदोपत्री चोख व्हावा, म्हणून वाहतूक क्षेत्रातले जाणकार स्वतःला लावतात तेच निकष आम्हाला लावावेत.

निकष पहिला. भारतीय रेल्वेत मेल-एक्स्प्रेस पंधरा मिनिटांपर्यंत उशिरा पोहोचली तरी ती वेळेवर आली असे धरतात. आमची योग्यता तेवढी नाही, तरी ९.४५ ला आलेला कर्मचारी ९.३० लाच आला, असे समजावे.

निकष दुसरा. वेळ बघायची ती शेवटच्या स्थानकात. मधल्या स्टेशनांवर माणसे कितीही ताटकळोत, ती हिशेबात येत नाहीत. शिवाय वेळापत्रकात शेवटच्या टप्प्याला जादा मिनिटे राखून ठेवलेली असतात. त्यामुळे निघताना जे अंतर गाडी चटकन कापते, तेच परत येताना कागदावर बरेच लांबते आणि वाटेत रखडलेली गाडी तिथे सारे पाप धुऊन घेते. आमचे शेवटचे स्थानक म्हणजे सायंकाळचे साडेसहा. तिथे आमच्यापैकी एकही जण आजवर लेट झालेला नाही. काही जण तर वेळेआधीच पोहोचतात.

निकष तिसरा. परदेशी दाखला हवा असल्यास जर्मनीचा घ्यावा. तिथल्या डॉइचे बानच्या हिशेबात सहा मिनिटांच्या आतला उशीर हा उशीर नव्हे, आणि रद्द झालेली गाडी त्या आकडेवारीत येतच नाही. जी आलीच नाही ती उशिरा कशी येईल? सबब, दांडी मारणाऱ्याला लेट मार्क लावू नये. फार लेट झालेली गाडी शेवटपर्यंत न नेता अलीकडूनच मागे फिरवायची, म्हणजे परतीची फेरी वेळेवर सुटते, ही तिथलीच युक्ती. कंपनीच्या संचालक मंडळातले माजी सदस्य रोनाल्ड पोफाला यांच्या नावाने लोक तिला ‘पोफाला वळण’ म्हणतात. आम्हालाही दहापर्यंत दादर गाठता आले नाही, तर कुर्ल्याहूनच घरी वळण्याची मुभा असावी. दुसऱ्या दिवशीची हजेरी वेळेवर लागेल. इतक्या सवलती घेऊनही २०२४ मध्ये त्यांच्या लांब पल्ल्याच्या गाड्या ६२.५ टक्केच वेळेवर आल्या, हे आपण मनावर घेऊ नये.

यावर आपण जपान काढाल. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्सुकुबा एक्स्प्रेसची एक गाडी २० सेकंद चुकली आणि कंपनीने जाहीर माफी मागितली, हे खरे. पण साहेब, ती गाडी २० सेकंद लवकर सुटली होती. साडेसहाच्या आधी सुटणाऱ्यांच्या माफीनाम्याचा मसुदा आम्ही तयार ठेवला आहे.

हे निकष नामंजूर असतील, तर मोजमाप उलट बाजूने करावे. लंडनमध्ये वारंवार धावणाऱ्या बसमार्गांवर, प्रवाशाला थांब्यावर ठरल्यापेक्षा किती जास्त वेळ उभे राहावे लागले, हे मोजतात आणि त्यावर बस चालवणाऱ्या कंपनीचे पैसे कमी-जास्त होतात. यातली गोम अशी. दर १२ मिनिटांनी बस असेल, तर माणूस सरासरी ६ मिनिटे उभा राहतो. एक बस सिग्नलला अडकते. तोवर पुढच्या थांब्यावर गर्दी वाढते, ती चढवण्यात आणखी वेळ जातो. मागची रिकामी बस तिला गाठते, तिसरी त्या दोघींना. मग ३६ मिनिटांनी तिन्ही एकदम येतात. डेपोच्या वहीत फेऱ्या तेवढ्याच भरतात, पण थांब्यावर उभे राहणे सरासरी १८ मिनिटांवर जाते. वरची १२ मिनिटे वहीत दिसत नाहीत, आमच्या लेट मार्कात दिसतात. उपाय अवघड नाही. जीपीएसवर दोन बस जवळ आलेल्या दिसल्या, की मागचीला जरा थांबवून अंतर राखायचे. अडचण एवढीच, की अशी थांबवलेली बस वहीत लेट ठरते. वही बिघडवून प्रवासी सुधारण्याचे धाडस कोण करणार?

ब्रिटनच्या रेल्वेने ते २०१९ मध्ये केले. तोवर शेवटच्या स्थानकात ५ ते १० मिनिटांची सूट होती. आता जिथे जिथे वेळ नोंदली जाते, त्या प्रत्येक स्थानकावर एका मिनिटाचा हिशेब मांडतात. आकडे घसरले, आभाळ कोसळले नाही.

तरी आपले बायोमेट्रिक मशीन दारातून काढून फलाटावर आणि बसथांब्यावर बसवावे. आम्ही तिथे पोहोचलो ती वेळ आमची. त्यानंतरची मिनिटे ज्याची त्याच्या नावावर.

हेही शक्य नसल्यास शेवटचा मार्ग. १ जुलै २०२० रोजी भारतीय रेल्वेने इतिहासात प्रथमच १०० टक्के वक्तशीरपणा नोंदवला. २०१ पैकी २०१ गाड्या वेळेवर. एरवी हजारो गाड्या धावतात, पण तेव्हा महासाथीमुळे बहुतेक बंद होत्या. त्याआधी २३ जूनला एकाच गाडीने घात केला आणि आकडा ९९.५४ वर अडला. यातून बोध घेऊन आपणही कार्यालयात दोन-तीनच माणसे बोलवावीत व उरलेल्यांना भरपगारी घरी बसवावे. शंभर टक्के वक्तशीर कार्यालय म्हणून आपला सत्कार होईल. त्या समारंभाला आम्ही सर्व जण वेळेवर हजर राहू. वेळेवर म्हणजे केव्हा, ते वर नमूद केलेच आहे.

आपले आज्ञाधारक,
समस्त लेट मार्कधारक