घरटं आहे, पण...

त्यांचं आडनाव गुप्ते नाही. खरं आडनाव वेगळंच आहे, पण रविवारी सकाळी सहाला वेताळ टेकडीवर जमणाऱ्या आमच्या घोळक्यात ते आता कुणालाच आठवत नाही. गुप्ते हे त्यांनी स्वकष्टानं मिळवलेलं आडनाव.

पहिल्याच रविवारची गोष्ट. जून लागलेला, चौदा माणसं, सहा दुर्बिणी आणि एक चिवड्याची पिशवी. एका गिरिपुष्पाच्या झाडापाशी गुप्ते गपकन थांबले आणि त्यांनी हात वर केला. चौदा माणसं जागच्या जागी. चिवड्याच्या पिशवीत गेलेला माझा हात तिथेच राहिला. गुप्ते सावकाश वळले, आणि पेढे वाटायच्या आधी आजोबा झालेला माणूस जसा चेहरा करतो तसा चेहरा करून कुजबुजले,

"घरटं आहे."

"कुठे?"

"ते नाही सांगणार."

आणि चालायला लागले.

पक्षी बघणाऱ्यांत एक असा नग असतोच, तुमच्याकडेही असेल. बहुतेक ठिकाणी तो दाखवून छळतो. "ती फांदी, तिच्या डावीकडची फांदी, तिच्यावरचं तिसरं पान, त्याच्या मागे... गेला!" आमच्याकडचा न दाखवून छळतो. टेकडीवर कुठल्या पक्ष्यानं कुठे संसार थाटलाय हे गुप्त्यांना रेशनकार्डासारखं पाठ आहे. काकू म्हणतात, घराची किल्ली कुठे ठेवली ते यांना रोज विचारावं लागतं, पण शिंप्यानं कुठल्या झुडपाची कुठली पानं टाचलीत ते झोपेतून उठवून विचारा. म्हणजे विचारा, सांगणार नाहीतच.

"सांगायचं नव्हतं तर थांबवलंत कशाला?" मी त्या दिवशी चिडून विचारलं.

"आहे, हे कळायला नको?" गुप्ते म्हणाले. "कुठे आहे ते कळून काय करणार आहात तुम्ही?"

या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही, आणि म्हणूनच हा माणूस मला कित्येक दिवस डोळ्यांसमोर नको व्हायचा.

पुढे आमच्या एक गोष्ट लक्षात आली. चालता चालता गुप्ते मध्येच जमिनीकडे बघून दगडांवर बोलायला लागत. "हा बेसॉल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर साचत गेला, त्यातून हे पठार झालं. ह्या ज्या पांढऱ्या गाठी दिसतात ना, ती मूळची वायूची पोकळी, मागाहून भरलेली." पक्ष्यांच्या माणसाला दगडांचा एवढा पुळका का, हे आधी कळेना. मग एका हुशार मुलीनं शोध लावला. काका दगडांवर बोलायला लागले की घरटं जवळ असतं! आमच्या माना खाली राहाव्यात म्हणून ही सारी भूगर्भविद्या. झालं. पुढच्या रविवारी गुप्त्यांनी "हा बेसॉल्ट" म्हणायचा अवकाश, चौदा माना एकदम वर. शिंपी, बुलबुल, नाचरा, एका सकाळी तीन घरटी आम्ही परस्पर हेरली.

गुप्ते काही बोलले नाहीत. पण पुढच्या खेपेपासून ते सगळीकडेच दगडांवर बोलायला लागले. घरटं असो, नसो, पायथ्यापासून माथ्यापर्यंत बेसॉल्ट. त्या पावसाळ्यात आमच्यातल्या एकालाही सातभाई आणि वटवट्यातला फरक समजला नाही, पण दख्खनच्या पठारावर आम्ही आजही परीक्षा देऊ शकतो.

त्यातल्या त्यात मोकळेपणानं ते एकच घरटं दाखवतात, सुगरणीचं. ऑगस्टात ते आम्हाला गावाबाहेरच्या एका विहिरीवर घेऊन गेले. पाण्यावर झुकलेली बाभूळ आणि तिला लटकलेले पंधरा-वीस खोपे. खाली विहीर, वर काटे, तेव्हा पत्ता फोडायला हरकत नव्हती. आमच्यातल्या एक मावशी बहिणाबाईंचं नाव घेऊन गहिवरणार तेवढ्यात गुप्ते म्हणाले, "बांधतो तो नर. मादी फक्त बघायला येते." सलीम अलींनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला या पक्ष्याचा पिच्छा पुरवला, तेव्हा नराचं सगळं बिंग बाहेर पडलं. तो गवताच्या चिरफाळ्या विणून अर्धाच खोपा तयार करतो आणि त्यावर लटकून पंख फडफडवत बसतो. मादी येते, आत शिरते, ओढून-ताणून बघते. पसंत पडला तर तो पुढचं बांधकाम करतो, खाली नळी काढून देतो, आणि ती अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या शेजारीच दुसरा खोपा सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी.

"म्हणजे सॅम्पल फ्लॅट," मावशी म्हणाल्या. "बुकिंग झालं की ताबा, आणि लगेच नवीन स्कीम." बहिणाबाई बाजूला राहिल्या आणि परतीच्या वाटेवर सगळ्यांनी आपापल्या बिल्डरच्या गोष्टी सांगितल्या.

आता टिटवीचं प्रकरण. टेकडीवर एक फोटोवाले येतात. त्यांच्या कॅमेऱ्याची नळी तोफेएवढी, अंगावर जंगली रंगाचे कपडे, आणि खिशात मोबाइल. त्या मोबाइलवर नवरंगाची शीळ. पावसाच्या तोंडावर नवरंग आपल्याकडे येतो, झुडपात बुडाशी काटक्यांचा गोळा करून घरटं घालतो. खिशातून शीळ वाजली की त्या बिचाऱ्याला वाटतं दुसरा नर घुसला, आणि अंडी सोडून तो भांडायला बाहेर येतो. मग खचाखच फोटो. फोटो स्वच्छ यावा म्हणून घरट्यापुढची पानं खुडणारेही महाभाग आहेत. यावर गुप्त्यांचा एक ठरलेला परिच्छेद आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, त्यातली शिकारीची व्याख्या, आणि पक्ष्यांच्या अंड्या-घरट्यांना त्रास देणं हे त्या व्याख्येतच कसं येतं. "बंदूक लागत नाही शिकारीला," ते म्हणतात आणि कॅमेऱ्याकडे बघतात.

तर हे तोफवाले एकदा गुप्त्यांना गाठून म्हणाले, "सर, नवरंगाचं लोकेशन?"

गुप्त्यांनी लोकेशन दिलं! आम्ही अवाक. नकाशाच काढून दिला. खाणीला वळसा घाला, पलीकडचं उजाड माळरान, पांढरा धोंडा, तिथून वीस पावलं. तोफवाले कृतकृत्य होऊन गेले. "तिकडे एक झुडूपसुद्धा नाही," गुप्ते आम्हाला म्हणाले, आणि पुढचा अर्धा तास एकटेच हसत होते. हसताना ते टिटवीसारखे दिसतात, हेही तेव्हा पहिल्यांदा कळलं.

दोन तासांनी तोफवाले परत आले. मोजे कुसळांनी भरलेले, नाक भाजलेलं, आणि चेहरा आनंदानं फुललेला. "सर, नवरंग नाही मिळाला, पण टिटवीची चार अंडी! पांढऱ्या धोंड्यापासून बरोब्बर वीस पावलं! थँक्यू सर!"

मी गुप्त्यांकडे पाहिलं. आयुष्यात एकदा पत्ता दिला, तोही खोटा, आणि तो खरा निघाला होता.

टिटवी घरटं म्हणून जे करते त्याला घरटं म्हणायला जीभ रेटत नाही. जमिनीत एक खळगा, भोवती चार खडे, बस्स. सगळी भिस्त अंड्यांच्या मातकट ठिपक्यांवर आणि थापा मारण्यावर. तुम्ही अंड्यांच्या जवळ आलात की ती गुपचूप दूर पळते आणि भलतीकडे जाऊन कंठशोष करते, म्हणजे तुम्ही तिकडे शोधावं. खोटा पत्ता देण्यात ती गुप्त्यांची गुरूच. पण गुरूच्या घरावर शिष्यानंच वाटमाऱ्या धाडलेला.

पुढचे तीन रविवार गुप्ते घोळक्यात आले नाहीत. आम्हाला वाटलं, शरमले. मग टेकडीवर ताक विकणाऱ्या बाईंनी सांगितलं, "ते काका व्हय? ते रोज दुपारपासनं खाणीपल्याड छत्री घेऊन बसत्यात. कुणी तिकडं निघालं की म्हणत्यात, घोणस निघालीय, जाऊ नका."

टेकडीवरच्या एकाही घोणशीची त्या महिन्यात एवढी बदनामी झाली नसेल. मी एकदा लांबून बघून आलो. ऊन मी म्हणत होतं. टिटवी उडून कुठून तरी पोट भिजवून येत होती आणि अंड्यांवर बसून त्यांना गारवा देत होती, आणि दोनशे फुटांवर काळ्या छत्रीखाली गुप्ते तिच्याकडे पाठ करून बसले होते. बघत नव्हते. मला ते आधी विचित्र वाटलं. मग लक्षात आलं, त्यांचं लक्ष येणाऱ्या माणसांवर होतं.

पिल्लं निघाली का, हे विचारण्यात अर्थ नव्हता. चौथ्या रविवारी ते आले आणि पायथ्यापासूनच बेसॉल्टवर बोलायला लागले, त्यावरून आम्ही काय ते समजलो.

सगळा उलगडा होतो तो नोव्हेंबरात. सलीम अलींचा आणि मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस धरून सरकारनं ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवलाय. गुप्त्यांना तो फार पसंत आहे, कारण तोवर बहुतेक घरटी रिकामी झालेली असतात. त्या आठवड्यात गुप्ते मोकळे होतात. सरकारी अहवालासारखं सगळं सहा महिन्यांनी जाहीर करतात. "हे बघा, इथे शिंपी. इथे हळद्या. आणि इथे, तुम्ही मे महिन्यात याच दगडावर बसून इडली खाल्लीत ना? डोक्यावर चार फुटांवर नाचऱ्याची तीन पिल्लं होती." मी वर पाहतो. फांदीच्या बेचक्यात विरलेली वाटी, कोळ्याच्या जाळ्याचे चार धागे. माझ्या आयुष्यातल्या एका इडलीबद्दल मला अशी हळहळ कधी वाटली नव्हती.

या दौऱ्यात गेली दोन वर्षं एक थांबा टेकडीच्या खाली असतो. गुप्त्यांच्या सोसायटीच्या फाटकाशी.

तिथे उंबर होता. त्याच्या एका वाळक्या फांदीत तांबटानं भोक पाडलेलं. तांबट वाळकं, मऊ लाकूडच पोखरतो, आणि पावसाळ्याआधी सोसायट्यांची छाटणी सुरू होते ती वाळक्या फांदीपासूनच. छाटणीचा ठराव आला तेव्हा गुप्ते उभे राहिले. "त्या झाडाला आत्ता हात लावू नका."

"का?"

आता घरटं म्हणून सांगावं तर सोसायटीतली सगळी पोरं संध्याकाळपर्यंत काठ्या घेऊन झाडाखाली. गुप्ते गप्प. अध्यक्षांनी पुन्हा विचारलं. आणि ज्या माणसानं हयातभर शाळेत विज्ञान शिकवलं, भानामतीवर प्रात्यक्षिकांसह व्याख्यानं दिली, तो माणूस भर सभेत शांतपणे म्हणाला,

"मुंजा आहे."

अध्यक्ष हसले, खजिनदार हसले, सभेतले तिन्ही इंजिनिअर हसले. पण दुसऱ्या दिवशी छाटणीवाली माणसं झाडावर चढेनात, आणि अध्यक्षांनीही का कोण जाणे फार आग्रह धरला नाही. तांबटाची पिल्लं उडेपर्यंत मुंजानं खिंड लढवली.

पण बिल्डरपुढे मुंजाचं काही चालत नाही. पुढच्याच वर्षी पुनर्विकास आला. अर्ज, परवानगी, एका झाडाच्या बदल्यात अमुक झाडं लावू असं हमीपत्र, सगळं कायदेशीर. आता तिथे निळे पत्रे आहेत आणि पत्र्यांवर हिरव्यागार झाडांचं चित्र. नोव्हेंबरात गुप्ते आम्हाला तिथे उभं करतात आणि पत्र्यांच्या वर, मोकळ्या हवेत, साधारण दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर बोट दाखवतात. "इथे." तेवढंच. कुणी दुर्बीण लावत नाही. आमच्यातल्या मावशी नेहमीच्या खोडकरपणानं एकदा काही बोलायला गेल्या आणि थांबल्या.

हल्ली गुप्ते आमच्याच गल्लीत भाड्यानं राहतात.

या मे महिन्यात माझ्या गॅलरीतल्या मनीप्लँटच्या टांगत्या कुंडीत बुलबुलानं घरटं केलं. कपडे वाळत घालताना बायकोला दिसलं. तीन अंडी, गुलाबीसर, त्यांवर तांबडे शिंतोडे. मी तडक गुप्त्यांना फोन लावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे एक पत्ता होता.

पलीकडे शांतता. मग, "किती जणांना सांगितलंत?"

"फक्त तुम्हाला."

"तेवढं तरी कशाला सांगितलंत?"

"अहो, बघायला या ना! चहालाही या."

"मी आलो की तिला उठावं लागेल," गुप्ते म्हणाले. फोन ठेवता ठेवता थोडे घुटमळले. "कुंडीला पाणी कडेनं घाला. आणि कपडे आठ-पंधरा दिवस गच्चीवर वाळत घाला."

आले नाहीत. मला वाईट वाटलं, थोडा रागही आला. मेहुणा सहकुटुंब राहायला आला तेव्हा गॅलरीचं दार बंद का, असं त्याच्या मुलानं विचारलं. कडी मोडलीय, असं मी सांगून टाकलं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, पण बोलली नाही.

त्या रविवारी टेकडीवरून उतरताना घोळका आमच्या गल्लीतून आला. माझ्या गॅलरीच्या बरोबर खाली गुप्ते थांबले. वर पाहिलं नाही. गॅलरीकडे पाठ करून त्यांनी चपलेचं टोक जमिनीवर आपटलं.

"ही शहाबादी फरशी," ते मोठ्यानं म्हणाले. "हिचा बेसॉल्टशी काही संबंध नाही. हा चुनखडक. समुद्राच्या तळाशी गाळ साचून झालेला. नीट वाकून बघा, थर दिसतात."

चौदा माणसं वाकली. मीही वाकलो.