पाच तारे, एक रानडुक्कर

तळहातावर मावणाऱ्या ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यावर ऐटीत ‘आयपीएक्स ७’ छापलेलं असतं. म्हणजे एक मीटर खोल स्वच्छ पाण्यात अर्धा तास पडला तरी बिघडणार नाही. केळीच्या चिकाबद्दल मात्र कंपनी मूग गिळून गप्प. मुक्ताईनगरात स्पीकरची गाठ आधी चिकाशी पडते. घड कापलेला हात बटणावर पडला, चीक वाळून काळा झाला, की आवाज वाढवायचा कुठून आणि कमी करायचा कुठून, हे बोटानेच लक्षात ठेवायचं.

लिथियमची बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये म्हणतात. मे महिन्यात आमच्याकडे पारा तिथंच येऊन टेकतो. तेव्हा उन्हाळाभर साहेबांचा मुक्काम माठाशेजारी.

बासची जाहिरात तर काय वर्णावी! दोन इंचाच्या पडद्यातून ढोल निघत नाही, डबा तेवढा थरथरतो. पल्ला म्हणे दहा मीटर. पण फोन धाब्याच्या घरात, स्पीकर ओट्यावर आणि मधे हातभर जाड मातीची भिंत असली, की गाणं उंबऱ्यातच ठेचकाळतं.

खरे परीक्षक रात्री येतात. शेतीपंपाची वीज रात्रीची असली, की पाणी भरणारा गडी बांधावर हाच डबा लावून ठेवतो, रानडुकराला माणसाची चाहूल लागावी म्हणून. तिथं खर्ज, स्पष्टता कोण बघतो? डुक्कर फिरलं तर पाच तारे, नाही तर मका गेला.