तोफ कुणी उचलायची?

लांब पल्ल्याच्या झूम लेन्सविषयी चार फोटोग्राफर बोलायला लागले, की दुसऱ्या मिनिटाला गाडी वजनावर येते आणि तिथेच रुतते. एक म्हणतो, खांदा गेला. दुसरा म्हणतो, माझा तुझ्याआधीच गेला. तिसरा ‘आपण तर बाबा हातात धरूनच काढतो’ असं जाहीर करतो आणि बाकीचे त्याच्याकडे आदराने बघतात. चौथा फिजिओथेरपिस्टचा नंबर देतो. अशी जड लेन्स घ्यावी की नाही, यावर खल पुष्कळ होतो; पण ती फोटोग्राफरनेच का उचलायची, हे कुणी विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच, की धावत्या-उडत्या गोष्टी टिपायला जड झूमच बरा, आणि त्याचा भार जमिनीने सोसावा. जमीन हे काम फार पूर्वीपासून करते आहे आणि तिने अजून एकदाही खांदा धरलेला नाही.

आधी हे वजन येतं कुठून ते बघू, कारण कंपन्या ते मुद्दाम घालतात असा एक समज आहे. क्रिकेटमध्ये सीमारेषा खेळपट्टीच्या मध्यापासून जास्तीत जास्त ९० यार्डांवर, म्हणजे सुमारे ८२ मीटरवर असते. फोटोग्राफर तिच्या बाहेर, जाहिरातीच्या फळ्यांमागे बसणार. समजा फलंदाज त्याच्यापासून ७० मीटरवर आहे. तिथून ४०० मिमीची लेन्स फुल फ्रेम कॅमेऱ्यात साधारण सव्वासहा मीटर रुंदीचा तुकडा दाखवते. त्याहून छोटी लेन्स लावली तर फलंदाज कुठला आणि पंच कुठला, हे घरी जाऊन शोधावं लागतं. आता ताशी १४० किलोमीटरने आलेला चेंडू सेकंदाला जवळपास ३९ मीटर जातो. म्हणजे शटर सेकंदाचा हजारावा भागच उघडं ठेवलं, तरी तेवढ्यात चेंडू चार सेंटिमीटर पुढे सरकलेला असतो, अर्ध्या चेंडूहून जास्त! म्हणून शटर १/२००० वर न्यायचं, आणि तेवढ्या निमिषात पुरेसा उजेड आत घ्यायचा तर दार मोठं हवं. ४०० मिमीला २.८ चं अ‍ॅपर्चर हवं असेल, तर भागाकार करा: १४३ मिलिमीटर. इतक्या रुंदीची काच पुढे बसवावीच लागते आणि तिच्यामागे आणखी काचा. काच जड असते. इथे घासाघीस चालत नाही.

त्यात झूम हवा म्हटलं की वजन आणखी चढतं. सोनीची ३०० मिमी, २.८ ची प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, दीड किलोच्या आत आहे. सिग्माचा त्याच २.८ चा १२०-३०० झूम जवळपास ३.४ किलोंचा. सिग्मा जुना आहे हे कबूल, तरी फरक बोलका आहे. मग प्राइमच का घेऊ नये? त्याचं उत्तर बैलगाडा शर्यतीच्या घाटात मिळतं. बैल सुटतात तेव्हा ते लांबवर धुळीतला एक ठिपका असतात आणि काही सेकंदांत निशाणाजवळ, म्हणजे तुमच्या पुढ्यात येतात. ६०० मिमीची प्राइम घेऊन उभं राहिलात, तर सुरुवातीला फोटोत धूळ येते आणि शेवटी बैलाची एक नाकपुडी. मधला अर्धा सेकंद काय तो शर्यतीचा. क्रिकेटमध्येही तेच: उत्तुंग फटका तुमच्याच कोपऱ्यात आला आणि तुमच्यासमोर पाच मीटरवर झेल घेतला गेला, तर प्राइमवाल्याला क्षेत्ररक्षकाच्या शर्टाचं बटण मिळतं. तेही फोकसमध्ये असेल तर.

तेव्हा वजन आलंच. कॅननचा २००-४०० झूम ३.६ किलोंचा आहे, म्हणजे बाळसेदार तान्ह्या मुलाएवढा. आणि अशा मुलासारखंच त्याचंही असतं, भेटायला आलेल्या प्रत्येकाला पाच मिनिटं घ्यायला आवडतो आणि मग तो आईकडे परत दिला जातो. कसोटीच्या पूर्ण दिवसात ९० षटकं, म्हणजे ५४० चेंडू. बळी कुठल्या चेंडूवर पडेल हे आधी कळवण्याची पद्धत नाही, त्यामुळे ५४० वेळा लेन्स डोळ्याला लावणं आलं. शिवाय तराजू नुसते किलो सांगतो. मनगट मात्र ते वजन शरीरापासून किती लांब आहे, हेही मोजतं. कंपन्यांना हे ठाऊक आहे. कॅननने २०१८ मध्ये आपली ४०० मिमी, २.८ लेन्स ३.८५ किलोंवरून २.८४ किलोंवर आणली, तेव्हा काचा नुसत्या हलक्या केल्या नाहीत, तर त्या मागे, कॅमेऱ्याकडे सरकवल्या. उलट झूम करताना ज्यांची नळी बाहेर येते, अशा लेन्सचा तोल ऐन वेळी पुढे जातो, आणि त्यांतल्या काही तर मान खाली घातली की न सांगता स्वतःच लांब होतात.

लेन्सखाली मोनोपॉड, म्हणजे जमिनीवर टेकणारा एकपायी टेकू, लावला की हीच सगळी दुर्गती बाजू बदलते. जड वस्तू सहजी हलत नाही, तशी ती सहजी थरथरतही नाही. धावपटूबरोबर लेन्स फिरवायची तर हलकी लेन्स झटके खाते, जड लेन्स एकदा वळायला लागली की संथपणे वळत राहते. खांद्याला जे ओझं असतं, ते मोनोपॉडवर स्थैर्य असतं. लेन्सच्या पोटाशी कॉलर आणि पाय दिलेला असतो तो त्यासाठीच. पुष्कळ लोक त्याचा उपयोग लेन्स उचलायचा कान म्हणून करतात.

यावर स्टॅबिलायझरवाले म्हणतील, लेन्स आता स्वतःच हात सांभाळते. सांभाळते खरी, पण तिला हाताची थरथर कळते, हाताची कळ कळत नाही. बैलांचे पायही ती थांबवू शकत नाही; त्याला शटरच लागतं. आयएसओवाल्यांचा मुद्दा जास्त वजनदार आहे. ५.६ ला २.८ च्या चौथाई उजेड मिळतो, म्हणून ३२०० च्या जागी १२,८०० आयएसओ लावायचा, आणि दाणे काढायला सॉफ्टवेअर आहेच. भर दुपारी हे बिनशर्त मान्य. सोनीचा २००-६०० दोन किलोंच्या थोडा वर आहे आणि उन्हात त्याला नावं ठेवणं कठीण. प्रकाशझोतातल्या सामन्यात मात्र ५.६ ला मागचं पुरेसं धूसर होत नाही, आणि शतकवीराच्या मागची सिमेंटची जाहिरात फोन नंबरासकट वाचता येते. ज्यांना ती वाचायची आहे त्यांनी जरूर हलकी लेन्स घ्यावी.

खरा पेच पक्ष्यांचा आहे. भिगवणच्या होडीत मोनोपॉड टेकवायला जमीनच नसते, आणि घार थेट डोक्यावर आली तर तो आडवा येतो. होडीच्या काठावर बीनबॅग ठेवून पाण्यालगतचे पक्षी निभतात. ताडोब्याच्या जिप्सीतही तीच चालते. रिकामी न्यायची आणि तिथेच तांदूळ भरून घ्यायचे. डोक्यावरच्या घारीसाठी मात्र हातच लागतात, त्याला माझी ना नाही. दहा सेकंद हातात धरून फोटो काढावा. हातात धरून घारीची वाट बघू नये, आणि बघितलीच तर त्या तासाभराला पराक्रम म्हणू नये.

आणि जमीनसुद्धा कशाला पुरी पडेल याला मर्यादा आहेत. सिग्माचा हिरवा २००-५००, तोही सबंध पल्ल्यात २.८ चा, १५.७ किलोंचा होता; झूम आणि फोकस चालवायला त्याला स्वतःची बॅटरी लागे. तो जमिनीवर ठेवता येतो, पण जमिनीपर्यंत न्यायचा कुणी? दुसऱ्या टोकाला गेटवेहून मांडव्याला जाणारी लाँच. हिवाळ्यात सीगल प्रवाशांच्या हातातला वेफर उचलायला हातभर अंतरावर येतात, आणि जड झूमला साधारण दोन मीटरच्या आतलं काही दिसतच नाही. तिथे फोन काढावा, आणि वेफर दुसऱ्या कुणाला तरी धरायला सांगावा.